विटांसाठी ठेवलेली पायरी

नाही, मला सांगा, विटा कधी हवेत तरंगतात का? तुमच्याकडे तरंगतात? माझ्या कॉम्प्युटरात तरंगतात! खाली पाया, वर छप्पर, आणि मधे ह्या विटा, ना कशाला टेकलेल्या, ना कशाला धरलेल्या, खुशाल अधांतरी! आणि का? तर पायाला एक पायरी काढता येत नाही म्हणून. एवढीशी पायरी हो!

तुम्हाला सांगतो, घरांचे नकाशे काढण्यात माझी हयात गेली, पण ह्या पायरीने जो घाम काढलाय... म्हणजे बघा, पायाची भिंत जमिनीतून गुडघ्याएवढी वर येते ना, तिला बाहेरच्या अंगाने एक अरुंद पायरी ठेवतात, पुढेमागे घराला बाहेरून विटा चढवायच्या झाल्या तर त्या तिच्यावर टेकाव्यात म्हणून. बस, एवढंच काम. पण सॉफ्टवेअरला सांगायला जा, ते आधी विचारणार, 'ही एक भिंत की दोन भिंती?' एक म्हटलं की पायरी गायब. दोन म्हटलं की त्या दोघींचं पटत नाही, जमीन जरा वर घेतली की एक तरातरा वर जाते आणि दुसरी फुगून खालीच बसते. आमच्या घरात आई आणि आजीचंसुद्धा ह्यापेक्षा बरं होतं!

बरं, घर कुणा गिऱ्हाइकाचं असतं तर दिलं असतं सोडून. घर आमचंच आहे, बाबांनी बांधलेलं! बांधतानाच त्यांनी गवंड्याला बजावलं होतं, "पायरी चांगली चार बोटं जास्त ठेव, वर विटा यायच्यात." गवंडी म्हणाला, "कधी?" बाबा म्हणाले, "मनासारखी वीट मिळाली की." झालं! आमचं अख्खं बालपण गेलं, मनासारखी वीट काही मिळाली नाही. बाबा कामावरून येताना पिशवीतून एक वीट आणायचे, पायरीवर ठेवायचे, मागे मागे चालत थेट रस्त्यापर्यंत जायचे, एक डोळा मिटायचे आणि तिथूनच ओरडायचे, "फारच लाल आहे!" दुसऱ्या आठवड्यात दुसरी. "ही जरा आजारी दिसते, नाही?" अहो, वीट आजारी कशी दिसेल?

आणि ह्या सगळ्या प्रकारात ती पायरी राहिली मोकळी. आता मोकळी जागा आमच्यासारख्यांच्या घरात मोकळी राहते होय? ताई तिच्यावर बसून शाळेचे बूट चढवायची. मी मागच्या कोपऱ्यात तंगड्या हलवत पाढे म्हणायचो, म्हणजे तोंडाने पाढे, लक्ष गल्लीतल्या क्रिकेटवर. मांजर झोपायचं, छत्र्या वाळायच्या, थोरली आत्या आली की तिथेच पान लावत बसायची. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आई. मांडीवर मटारांची परात घेऊन ती तिथे जी बसायची, ती अख्खी संध्याकाळ. तिथूनच खिडकीतून आत हुकूम, "दूध बघ गं, उतू जाईल!" तिथूनच गल्लीत हाक, तिथूनच शेजारणीशी गप्पा, आणि तिथूनच रस्त्यात एक डोळा मिटून उभ्या असलेल्या नवऱ्याला, "अहो, बसा की जरा माझ्यापाशी!" की बाबा म्हणणार, "थांब गं, रंग बघतोय." काय दिवस होते हो! तेव्हा वाटायचं, ही काय बसायची जागा, नीट टेकतासुद्धा येत नाही. आता वाटतं, इतकं आरामात नंतर मी कुठल्याच खुर्चीत बसलो नाही.

आईला जाऊन दोन वर्षं होत आली. आणि गेल्या महिन्यात बाबा दारात उभे, हातात वीट. म्हणाले, "हीच. मिळाली. आता मी आहे तोवर होऊन जाऊ दे." विटा चढवायच्या तर नकाशा मंजूर करून घ्यायला हवा, म्हणून बसलो की मी. आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पायरी! एवढीशी पायरी!

शेवटी जमली. कशी ते विचारू नका, मलाही नक्की माहीत नाही. विटा टेकल्या, घर असं देखणं दिसायला लागलं की मीच दोनदा गोल फिरवून पाहिलं. बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची मागे सरकवली, एक डोळा मिटला. मग म्हणाले, "छान. पण हिची जागा कुठंय?"

"कुणाची?"

"कुणाची काय! खिडकीखालची."

म्हटलं, "बाबा, तिथे विटा आल्या."

"मग तेवढ्या काढ."

आता सॉफ्टवेअरला काय सांगू, आईपुरत्या विटा काढ? किती रुंद? ताईला फोन लावला, ती म्हणाली, "दोन फूट पुरे." बाबा फोनवर ओरडले, "दोन फूट कसे? तू तिच्या मांडीवर बसायचीस, तुझे पाय कुठे जाणार?" बरं, अडीच. कापलं. तर विटांबरोबर मागची भिंतही कापली गेली, थेट स्वयंपाकघरातली शेगडी दिसायला लागली! ते भगदाड बुजवलं तर पायरीच बुजली. मधेच ते मशीन, "निवडलेल्या विटांना आधार नाही. पुढे जायचं का?" अरे, पुढे जायचंच आहे ना बाबा, पण तू जाऊ देशील तर!

झाली एकदाची आईची जागा. पडद्यावर नुसती मोकळी पायरी. बाबांनी तिथे बोट ठेवलं. हळूच म्हणाले, "जरा वाढवतोस? दोघांपुरती. तेव्हा मी कधी बसलोच नाही रे तिच्यापाशी."

वाढवली. कसा नाही म्हणणार? तेवढ्यात ताईचा फोन, "मग माझी बूट घालायची जागा?" काढली. मग माझी पाढ्यांची मी कशाला सोडू? तीही काढली! मांजराची बाबांनी आठवण करून दिली.

आता मागे पाण्याच्या पाइपाजवळ हातभर भिंत उरलीय, तेवढीच विटांची. काल गवंडी आला, नकाशा उलटसुलटा करून म्हणाला, "साहेब, एवढ्यासाठी बोलावलंत? बरं, उद्या सुरू करू?"

म्हटलं, "थांबा हो जरा, थोरल्या आत्याचा फोन अजून यायचाय."