मणी आधी आले, माणसं मागनं

काय सांगू ताई तुमास्नी, कुठनं धरू. आमी टकारी. मंजी जात्याला टाकी लावणारी माणसं, छिन्नी-हातोडा घिऊन गावोगाव फिरायची, जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत न्हाई, मग बाया हाक मारायच्या आन माझा आजा उंबऱ्याच्या भाईर बसून टक टक टक जातं टाकायचा. आता ह्येच्यात चोरीचा काय संबंध हाय सांगा. पर इंग्रजानं कागदावर लिवलं की ही जातच गुन्हेगार, पोटातलं लेकरूबी गुन्हेगार, आन सोलापूरला तारेचं कुंपण घालून आमच्या माणसास्नी आत ठिवलं. सेटलमेंट म्हणायची त्येला. रोज हजेरी, भाईर जायाला पास, दिवसभर गिरणीत काम, आन पादरी येऊन शिकवायचा की चोरी करणं पाप हाय. माझा बाप तारेच्या आत जन्मला. देश सोतंत्र झाला तरी ती तार लगेच न्हाई निघाली, आन निघाली तवाबी लोकांच्या तोंडातनं न्हाई निघाली.

मी सातवीत व्हतो तवा कुठंतरी मळ्यातली पाण्याची मोटार चोरीला गेली. जीप सरळ आमच्या गल्लीत. बाप माझा गिरणीतनं पाळी करून आलेला, भाकरीवर बसलेला, तसाच उचलला. तिसऱ्या दिवशी सोडला. मोटार मळेवाल्याच्या मेव्हण्यानंच इकली व्हती म्हणं. पर बापाचा डावा कान गेला तो गेलाच. तवापासनं घरात एकच शिकवण, पोलिसापुढं आपल्या पायानं जायाचं न्हाई. ह्ये ध्येनात ठिवा ताई, पुढं सांगतो.

मी पोकलेन शिकलो. कालव्याच्या कामावर हेल्पर व्हतो, डायवर जेवाय गेला की मी लिवर धरायचो. हात बसला. आमच्या हातात दगड-मातीचं असतंयच काहीतरी, बकेट जमिनीत घुसली की खाली मुरूम हाय का खडक हाय का कुणाचा जुना पाया हाय ह्ये मला हँडलमंदी कळतं. तिथनं दोहा, दोह्यात अकरा वर्षं, आन तिथनं एका एजंटानं कॅनडाला लावून दिलं. मी, बायको सुमन, आन लेक रेणुका. रेणुका इथं कॉलेजला. ब्रॅम्प्टनला ह्याच बेसमेंटमंदी, दुसऱ्याच्या घराखाली, पाच वर्षं झाली. परमिट असं की ज्या कंपनीचं नाव कागदावर त्याच कंपनीत काम करायचं. दुसरीकडं न्हाई. काम सुटलं की समजा पायाखालची फळीच गेली. आन पीआरची, मंजी कायमचं ऱ्हायाच्या परवान्याची, फाईल त्याच कंपनीच्या पत्रावर चाललेली.

काम शेजारच्या वॉन गावाला. तुमी बघितलं असंल, वेअरहाऊसवर वेअरहाऊस. तीन वर्षं मी तिथली शेतंच्या शेतं सपाट केली. हणमंत कुणाला म्हंता येत न्हाई म्हणून साइटवर मला हँक म्हणायचे. मीबी वळून बघायचो, सवय झाली.

आमच्या साइटवर एक इंजिनिअर व्हता, निखिल, पुण्याचा, तिशीचा पोरगा. लई गोड बोलायचा, मराठी माणूस भेटला म्हणून मला काका म्हणायचा, दिवाळीला सुमनसाठी चकल्या दिल्या त्येच्या बायकोनं. खोटं कशाला बोलू, चांगला व्हता.

पानगळीचे दिस व्हते. एका बड्या वेअरहाऊसचा पाया घ्यायचा व्हता, थंडी पडायच्या आत काँक्रीट व्हायला पायजे म्हणून समदी घाईत. वरची काळी माती मी काढली तर खाली पिवळी माती, आन त्या पिवळ्या मातीत काळे गोल. ताटलीयेवढे. एका रेघेत. मी मशीन थांबवून बघत बसलो. आमची माणसं पालं ठोकून ऱ्हायची ना, मेढी उपटली आन भोक मातीनं भरलं की असाच डाग पडतो, रंग येगळा. मला कळलं की हितं कुणाचं तरी घर व्हतं. कळलं आन मी पुढं खणलं. ताई, ह्ये लिवा तुमी. कळलं तरी खणलं. पुढच्या कोपऱ्यात बकेट खाली गेली तर हँडल मऊ लागलं, आन वर आली तर दातावर हाडं. एक न्हाई, लई. आन एक कवटी, बारकी, लेकराची. मातीतनं दोन-तीन मणी लकाकले, निळे, काचंचे.

निखिलला बोलावलं. तो आला, बघितलं, त्येचा चेहराच उतरला. इकडं-तिकडं बघून मराठीत म्हणाला, काका, जनावराचं असेल. मी म्हणालो, साहेब, जनावर मणी घालत न्हाई. तो जवळ सरकला. मग म्हणाला, काका हे बघा, या जागेची तपासणी झालीये, रिपोर्ट क्लिअर आहे, आता हे बाहेर पडलं तर सहा महिने काम बंद, आणि मग तुम्हाला मला कोण ठेवणार, तुमचा पीआर अर्ध्यात आहे, रेणुकाचं कॉलेज आहे, घालून टाका परत, वर माती टाका, आपण तो कोपरा शेवटी घेऊ. आवाज चढवला न्हाई त्येनं. दम दिला न्हाई. माझ्या खांद्यावर हात ठिवून बोलला.

आन मी घालून टाकलं. माझ्याच हातानं. बकेट हळू उलटी केली, येवढंच काय ते केलं मी.

घरी आलो, जेवलो न्हाई. सुमननं इचारलं काय झालं, मी सांगितलं, ती म्हणाली, मेलेली माणसं हायेत, त्यास्नी आता काय व्हायचंय, आपून जितं हाय. सकाळी कामाला निघालो, डबा घेतला, बस आली, बस गेली, मी हुभाच. मग रेणुकाला म्हणालो, चल माझ्यासंगं, पोलीस स्टेशनला जायाचंय. सुमननं दाराला पाठ लावली. म्हणाली, सासऱ्यांचा कान इसरलासा का, आपल्या खानदानात कुणी आपल्या पायानं गेलंय का तिथं. मी म्हणालो, न्हाई गेलं. आन तिला बाजूला करून गेलो.

त्या पोलिसानं खुर्ची दिली. नाव लिवून घेतलं, इस्पेलिंग दोनदा इचारलं. वाटलं हा कवा उठतो आन मारतो. त्येनं पाण्याची बाटली दिली. रेणुका बोलत व्हती, मी निस्ता बसलो व्हतो, आन मला बापाचा राग आला, म्हंजी बापाचा न्हाई, कुणाचा ते कळंना, पर डोळ्यात पाणी आलं.

मग काम थांबलं. पोलीस आले, डॉक्टर आले, म्हणाले ह्ये खून-बिन न्हाई, जुनं हाय, चारशे वर्षांच्या वरचं. मग जुनी माती वाचणारे लोक आले, ब्रशनं, चमच्यानं. मोठ्ठा खड्डा निघाला, त्यात माणसं, किती ते त्यांनाबी एकदम सांगता येईना. चौथ्या दिवशी मला कंपनीचं पत्र, कामाची कमतरता हाय, उद्यापासनं यायचं न्हाई. पोलिसाकडं गेलास म्हणून काढतो असं कुणी म्हणालं न्हाई. निखिलला फोन केला, उचलला न्हाई. आजवर न्हाई उचलला.

मग एक दिस त्या माती वाचणाऱ्यांतल्या बाईचा फोन आला की ज्यांची ही माणसं त्यांच्यातली एक म्हातारी क्यूबेकहून आलीय, तिला मशीनवाल्याला भेटायचंय. गेलो, मी आन रेणुका. सत्तरीच्या पुढची बाई, साधं जॅकेट, काठी. फ्रेंच बोलायची, इंग्रजी तुटकं, माझ्यागत. रेणुका मधी. मला वाटलं आता ही हात जोडंल, आभार मानंल. खरं सांगतो, मनात तशी वाट बघत व्हतो.

तिनं आधी समदं सांगितलं. की आमी वेंडाट. फ्रेंचांनी आमास्नी हुरॉन नाव ठिवलं, मंजी रानडुकराच्या केसावानी ताठ केसांचे, रानटी. आमी मका पेरायचो, लांब लांब घरं बांधायचो, जमीन थकली की गाव हलवायचो, आन हलवायच्या आधी आपापल्या मेलेल्यांची हाडं उकरून, धुऊन, कातड्यात बांधून एका मोठ्या खड्ड्यात समद्यांची एकत्र ठिवायचो, म्हंजी कुणी एकटं ऱ्हायला नको. ह्यो तो खड्डा. तिनं मण्यांकडं बोट केलं. म्हणाली, ह्ये मणी गोऱ्या माणसाच्या आधी आले. समुद्रावर जहाज लागलं, तिथल्यांनी कातडं दिलं, मणी घेतले, त्यांनी पुढच्यास्नी दिले, हातोहात हितवर. ह्या लेकराच्या आईनं गोरा माणूस बघितलाबी नसंल, मणी छान दिसले म्हणून लेकराच्या गळ्यात घातले. मणी आधी आले. मग माणसं आली, कातड्याचे व्यापारी, मग पादरी, आन त्यांच्यासंगं देवीची साथ आली. आमच्यात ती कधी न्हवतीच, अंगाला म्हाईत न्हवती. थोड्याच वर्षांत निम्मी माणसं गेली, म्हातारी गेली, म्हंजी ज्यांना समदं ठाऊक व्हतं ती, आन लेकरं गेली. पादरी सांगायचा पाणी शिंपडून घ्या, देव वाचवंल. मग बंदुका आल्या, शेजाऱ्या-शेजाऱ्यात लढाया पेटल्या, गावं जळाली, उरलेली पांगली. मूठभर क्यूबेकला गेली, त्यातली आमी. माझी भाषा मी पुस्तकातनं शिकले, म्हणाली. माझ्या आईला येत न्हवती, आजीला येत न्हवती.

मग मीबी सांगितलं. जातं, तार, हजेरी, पादरी. ती ऐकत व्हती. मधीच इचारलं, तुझ्या आजाची हाडं कुठं हायेत. आमच्यात तवा पुरायचे. मी म्हणालो, सेटलमेंटच्या मागं जागा व्हती, आता तिथं दुकानांचे गाळे हायेत. ती म्हणाली, म्हंजी ह्ये कसं असतं तुला म्हाईत हाय.

आन मग तिनं इचारलं, तू हितं किती वर्षं खणतोयस. मी म्हणालो, तीन. ती म्हणाली, असे काळे गोल ह्याच्या आधी किती येळा बघितलेस.

रेणुकानं ते मराठीत सांगितलं आन माझ्याकडं बघत बसली. मला खोटं बोलता आलं असतं. पर मी दोन बोटं दाखवली. दोनदा बघितले व्हते ताई. मला वाटलं व्हतं झाडाची मुळं असतील. न्हाई, तसं वाटून घेतलं व्हतं. आज तिथं एका जागी ट्रक लागतात, दुसऱ्या जागी घरं हायेत.

तिनं काठी मांडीवर आडवी ठिवली. मग म्हणाली, तू थांबलास म्हणून ह्ये लेकरू भाईर फेकलं गेलं न्हाई, त्येच्यासाठी मी आले. पर मला तुझी दया येत न्हाई. तुझ्या माणसास्नी ज्यांनी तारेत कोंडलं त्यांच्यासाठीच तू माझी जमीन खणतोस, आन उद्या कागद मिळाला की तूबी हितं घर घेशील, खाली काय हाय ते इचारणार न्हाईस. रेणुका शेवटचं वाक्य सांगायला तयार व्हईना, मी तिला म्हणालो सांग, जसंच्या तसं सांग.

मला राग आला ताई. लई आला. म्हणालो मनात, माझं काम गेलं तुझ्यापायी म्हातारे. बसमंदी बसून धुमसत व्हतो. आन राग कशाचा, तर ती खरं बोलली ह्याचा.

पुढं काय, वेअरहाऊस झालंच. नकाशा थोडा सरकवला, खड्डा व्हता तिथंच झाकला, वर गवत लावलं. पाटी न्हाई, लोक मणी उकरतील म्हणून मुद्दाम लावली न्हाई. बाकी समदं डांबर. मला आठ महिने काम न्हवतं, सुमन एका नर्सिंग होममंदी म्हाताऱ्यांचं धुवायला जायची, आन ती एकदाबी मला टोचून बोलली न्हाई, त्येचं जास्त लागायचं. मग दुसऱ्या एका कंपनीनं घेतलं, नवं परमिट, पीआरची फाईल पयल्यापासनं. अजून न्हाई आला. गणपतीला हॉलमंदी निखिल दिसला, आरतीच्या गर्दीत त्येनं मान फिरवली. त्येचं नवं घर झालंय म्हणं, तिकडंच कुठंतरी वॉनला.

रेणुकाच्या कॉलेजात परवा कार्यक्रम व्हता, गेलो. सुरवातीला, हितली रीतच हाय तशी, एका पोरीनं हुभं ऱ्हाऊन कागदावरनं वाचलं, ही जमीन अमक्यांची, तमक्यांची, आमी त्यांचा मान ठिवतो. त्यात वेंडाट नावबी आलं, चुकीचं म्हणाली. समद्यांनी माना खाली घातल्या. मग वर केल्या. मग समोसे आले.

आता मी ब्रॅम्प्टनच्या उत्तरंला कामाला हाय, घरांची बेसमेंटं खणतो. नव्या कंपनीनं पयल्याच दिवशी एक कागद पुढं केला, रेणुकानं वाचून दाखवला. जमिनीत काही सापडलं तर आधी ऑफिसला सांगायचं, भाईर कुणाला न्हाई. पप्पा करू नका सही, म्हणाली ती. सुमन उठून चहा टाकाय गेली. आन मी सही केली.

आता तुमी इचाराल पुढच्या टायमाला हाडं निघाली तर काय करशील. नका इचारू. मला ठाऊक न्हाई आन ठाऊक हाय. रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी एकच म्हणतो, तुमी जे कुणी खाली हायसा, झोपा, सुखानं झोपा, पर बाबांनो, माझ्या बकेटखाली येऊ नका.