उतारावरच्या नळ्या आणि सरवन सिंग

नाव नसीब कौर जोहल, वय एकसष्ट, धंदा ब्लूबेरीची बाग, राहणार वुलगुल्गा, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया.

समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी व माझे पती सरवन सिंग राहतो. गेल्या हिवाळ्यात पतींना पक्षाघात झाला. त्यानंतर त्यांचे बोलणे बंद झाले. काठी घेऊन व्हरांड्यापर्यंत येत, पुढे जात नसत.

आमची बाग टेकडीच्या उतारावर आहे. पूर्वी तिथे केळी होती. ब्लूबेरीच्या नव्या झुडपांना ठिबक पतीच घालणार होते. ते अंथरुणाला खिळल्यावर मी एकटीने घातले. नळ्या माथ्यावरून सरळ खाली सोडल्या. वरची झुडपे वाळू लागली, खालच्यांच्या मुळाशी चिखल साचू लागला. घरात मी हे बोलले नाही.

आज सकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरच्या रोट्या लाटून परतले, तर पती घरात नव्हते. काठीही जागेवर नव्हती. बागेच्या पायथ्याशी तळे आहे. आधी मी तिकडे धावले. मग पती हरवले म्हणून ठाण्यात फोन केला. शेजारचे केळीवाले डेस हॅनिगन यांना शोधायला वर पाठवले.

डेस परत येईनात, म्हणून मी व ठाण्यातून आलेल्या शिपाईबाई वर गेलो. पती झुडपांत मातीवर बसले होते. काही नळ्या उपटून ठेवल्या होत्या. एक नळी त्यांनी उताराला आडवी धरली होती. तिचे दुसरे टोक डेस यांच्या हातात होते.

डेस म्हणाले, "नसीब, सांगायला येतच होतो. हा मला टोक सोडू देत नाही."

पतींनी माझ्याकडे पाहिले. जीभ जड होती, पण शब्द कळले. "कुणी घातल्या या?"

मी म्हटले, मी.

"आडव्या घालायच्या असतात, बाई. उभ्या घातल्या की पाणी सगळं खाली पळतं."

मी त्यांच्याशेजारी मातीवर बसले. शिपाईबाईंनी पाणी दिले. त्यानंतर आम्ही चौघांनी ती ओळ आडवी घातली व पंप चालू केला. वरच्या झुडपांना पाणी पोचले.

पतींना इजा नाही. हरवल्याची तक्रार मी मागे घेते.

हा मजकूर मला व शेजारी बसलेल्या पतींना वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. "हरवले" या शब्दाला पतींची हरकत आहे. आपण आपल्या बागेत होतो, असे ते म्हणतात. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, म्हणून लिहून घेतले.