डावा स्क्रीन

जोडणीवाली : आणि हा पंखा बघा, काका. गरगर फिरतोय, पण आवाज म्हणून नाही.

ड्रायव्हर : मग चालू आहे हे कळायचं कसं?

जोडणीवाली : दिवा लागतो ना त्याला.

ड्रायव्हर : दिवा बंद पडलेल्या गाडीचाही लागतो. मला आवाजाचा दाखवा.

जोडणीवाली : नऊ वर्षं मी कॉम्प्युटर जोडतेय. आवाजाचा पंखा मागणारे तुम्ही पहिलेच.

कंडक्टर : ताई, याचं मनावर घेऊ नका. एकतीस वर्षं बस चालवलीय याने. घरघर ऐकू आली नाही की याला वाटतं, आता उतरून ढकलावं लागणार.

जोडणीवाली : आणि तुम्ही कोण? भाऊ का यांचे?

कंडक्टर : कंडक्टर. याच्याच बसवर, बावीस वर्षं.

ड्रायव्हर : भाऊ असता तर वाटण्या करून मोकळा झालो असतो.

जोडणीवाली : बरं, आवाजाचा आहे एक. जुन्या मालातला, कुणी हात लावत नाही. चालू केला की शेजारी विचारायला येतात काय झालं म्हणून.

ड्रायव्हर : तो घाला. दोन असतील तर दोन घाला.

जोडणीवाली : आता कॅबिनेट. म्हणजे बाहेरचा खोका. हा सगळ्यात जास्त जातो. पुढून काच, आत दिवे, आणि दिव्यांचे रंग बदलत राहतात, हे बघा—

ड्रायव्हर : बंद करा, बंद करा. आमच्या अख्ख्या डेपोत मिळून एवढे दिवे नव्हते.

कंडक्टर : आपल्या बसला पुढे दोन होते. त्यातला एक मनाला येईल तेव्हा लागायचा.

ड्रायव्हर : तो पत्र्याचा काय आहे, कोपऱ्यात?

जोडणीवाली : तो? तो हॉस्पिटलच्या बिलिंगसाठी आणला होता. त्यांनीही नको म्हटलं.

ड्रायव्हर : वाजवू का जरा? ... हां. हे बघ मास्तर, पत्रा कसा बोलतोय. हा घ्यायचा.

जोडणीवाली : काका, एक विचारू? सकाळी एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय, चांगला दणकट, माणूस पाठवते. मला वाटलं येईल एखादा कपाळावर केस घेऊन. आणि आलात तुम्ही दोघं.

ड्रायव्हर : केस होते. डेपोत गेले.

कंडक्टर : फोन वहिनींचा, याच्या बायकोचा. त्यांनी हात टेकलेत हो. चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीत हा नापास झाला. साहेबांनी स्टिअरिंग काढून घेतलं आणि डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत नेऊन बसवलं. आता दिवसभर लोकांचे डबे सांभाळतो आणि रात्री जेवताना टेबलाखाली क्लच दाबतो. वहिनींचा पाय दोनदा चेपला.

ड्रायव्हर : एकदा.

कंडक्टर : शेवटी त्या मला म्हणाल्या, भावोजी, यांना काहीतरी चालवायला द्या, नाहीतर मीच यांना तुमच्या त्या खिडकीत जमा करून पावती घेते.

जोडणीवाली : म्हणून गेम.

कंडक्टर : माझ्या भाच्याकडे आहे बसचा गेम. खऱ्यासारखा रस्ता, खऱ्यासारखे थांबे. प्रवासी चढतात, कटकट करतात. मी एकदा याला घेऊन गेलो, तर हा तीन तास उठला नाही. भाच्याचा क्लास बुडाला. ताई, त्या तीन तासांत याने मला चार वेळा शिव्या घातल्या. किती महिन्यांनी ऐकल्या! बरं वाटलं.

जोडणीवाली : मग नीट ऐका. बसचा गेम जड असतो. शहर सगळं एकदम दाखवावं लागतं, इमारती, गाड्या, माणसं. त्यासाठी हे ग्राफिक्स कार्ड.

ड्रायव्हर : ही तर वीट आहे.

जोडणीवाली : विटेला तीन पंखे नसतात. चित्र काढायचं सगळं काम हे करतं. प्रोसेसर म्हणजे तुमचं इंजिन समजा. आणि इंजिन तापतं, म्हणून याला मागे रेडिएटर.

ड्रायव्हर : टिंगल करताय का माझी?

जोडणीवाली : खरंच. आत नळ्यांमधून पाणी फिरतं.

ड्रायव्हर : मास्तर, ऐकलंस? रेडिएटर आहे! पाणी मी रोज सकाळी बघत जाईन.

जोडणीवाली : बघायचं नसतं, काका. सीलबंद असतं.

ड्रायव्हर : मग माणसाने सकाळी उठून करायचं काय?

कंडक्टर : दात घास. वहिनींची तीही तक्रार आहे.

जोडणीवाली : स्टिअरिंग आणि पेडल मी मागवून देते. आता स्क्रीन. समोर एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. बसचा गेम खेळणारे तिघं माझ्याकडे आहेत, तिघांनीही तीन घेतले. केबिनमध्ये बसल्यासारखं वाटतं.

ड्रायव्हर : दोन द्या.

जोडणीवाली : दोन नाही बसत. मधली फट बरोबर नाकासमोर येते.

ड्रायव्हर : समोरचा आणि उजवीकडचा. डावीकडचा नको.

जोडणीवाली : डावीकडे तर थांबे असतात ना? माणसं तिकडूनच चढणार.

ड्रायव्हर : घरात जागा नाही. डावीकडे भिंत आहे.

कंडक्टर : भिंत कुठाय? खिडकी आहे तिथे. मी तिथे बसून चहा पितो.

ड्रायव्हर : तू चहा पी. माझ्या घराची मापं काढू नकोस.

कंडक्टर : ताई, तुम्ही तीन लिहा. डावा स्क्रीन माझ्याकडून.

ड्रायव्हर : तुझ्याकडून का?

कंडक्टर : असंच. भेट.

ड्रायव्हर : बावीस वर्षांत तू मला रुमाल दिला नाहीस. माझा घेतलास, तोही परत केला नाहीस. आणि आता एकदम स्क्रीन? तोही नेमका डावा?

कंडक्टर : अरे, डावी बाजू बघितल्याशिवाय बस कशी चालवणार?

ड्रायव्हर : तू होतास की बघायला. रिव्हर्स घेताना तू मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचास आणि मी बस आणायचो. आरशात बघायचोसुद्धा नाही.

कंडक्टर : बघत होतो ना मी. बघितलं म्हणून तर—

ड्रायव्हर : म्हणून तर काय?

कंडक्टर : काही नाही. ताई, तो रेडिएटर दाखवा परत.

ड्रायव्हर : रेडिएटर राहू दे. मास्तर, एक विचारायचंच होतं तुला. महिना झाला, रोज विचारीन म्हणतो. त्या छत्रीचं काय केलंस?

कंडक्टर : कुठली छत्री?

ड्रायव्हर : मी खिडकीत बसतो, मास्तर. माझ्याकडे चौदा छत्र्या आहेत. कुठली कुठल्या बसमध्ये, कुठल्या तारखेला मिळाली, सगळं वहीत आहे. आपल्या बसमध्ये सापडलेली साधी पेन्सिलसुद्धा तू जमा केलीस. एकदा कुणाची कवळी जमा केलीस. फक्त ती छत्री नाही. पानं मागेपुढे करून तीनदा बघितलं.

जोडणीवाली : मला कुणी सांगेल का, कसली छत्री?

ड्रायव्हर : सांगतो. माझी तपासणी झाली त्याच्या पाच-सहा दिवस आधीची गोष्ट. आमच्यात एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. मी बस थांब्याला घेत होतो, तर याने मधेच एक घंटी मारली. मारली म्हणजे, दोरी तुटायची बाकी होती. मी करकचून ब्रेक दाबला. माणसं एकमेकांच्या अंगावर. हा खाली उतरला, पाचेक मिनिटांनी वर आला आणि म्हणतो, कुणाची तरी छत्री पडली होती दारातून, उचलली, जमा करतो. शेवटच्या थांब्यापर्यंत मी याचा उद्धार केला. एका छत्रीसाठी भर रस्त्यात बस थांबवतोस म्हणून. आणि हा मूग गिळून बसला. उलट बोलला नाही. हा! उलट बोलला नाही!

जोडणीवाली : मग?

ड्रायव्हर : मग याला विचारा.

कंडक्टर : छत्री नव्हती.

ड्रायव्हर : काय होतं?

कंडक्टर : मुलगी होती. सायकलवर. पाठीला दप्तर.

ड्रायव्हर : कुठे?

कंडक्टर : डावीकडे, पुढच्या दारापाशी. तू थांब्याला घेत होतास ना, तिच्या अंगावरच घेत होतास. मला वाटलं दिसली असेल तुला, आता थांबशील, आता थांबशील. नाही थांबलास, तेव्हा घंटीची दोरी खेचली.

ड्रायव्हर : किती अंतर होतं?

कंडक्टर : जाऊ दे ना.

ड्रायव्हर : किती? या काउंटरएवढं?

कंडक्टर : याच्या निम्मं.

जोडणीवाली : मी जरा आत जाऊन येऊ का?

ड्रायव्हर : बसा हो. तुम्ही काय केलंय? ... खाली उतरून काय करत होतास मग पाच मिनिटं?

कंडक्टर : तिच्या सायकलची चेन निसटली होती. बसवून दिली. तिला म्हटलं, जा, काही झालं नाही. चेन पार आत अडकली होती, बसेना. म्हणून वेळ लागला.

ड्रायव्हर : आणि वर येऊन मला छत्री सांगितलीस.

कंडक्टर : तोंडावर सांगायला जीभ उचलेना रे.

ड्रायव्हर : साहेबांना सांगायला उचलली?

कंडक्टर : तुला कुणी सांगितलं, साहेबांना मी—

ड्रायव्हर : आता तू सांगतोयस.

कंडक्टर : दोन दिवस नाही उचलली. तिसऱ्या दिवशी तू डावा आरसा खांबाला घासलास. मी म्हटलं, अरे, खांब. तू म्हणालास, नवीन लावलाय वाटतं. वस्ताद, मी शाळेत जाताना त्याच खांबाला दगड मारायचो. तेव्हा गेलो साहेबांकडे. म्हटलं, याचे डोळे तपासा, पण माझं नाव घेऊ नका.

ड्रायव्हर : आणि हिला? घरी?

कंडक्टर : वहिनींना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही मला. पुढच्या वेळी दोन कप दिले.

ड्रायव्हर : वा! म्हणजे साहेबांना माहीत, बायकोला माहीत, आता या ताईंनाही माहीत. राहिलं कोण, तर मी. एकतीस वर्षांत एक अपघात नाही म्हणून लोकांना सांगत फिरत होतो मी, मास्तर! आणि तू शेजारी उभं राहून मान हलवायचास!

कंडक्टर : शिव्या दे मला.

ड्रायव्हर : नाही देत. शिव्या आपल्या माणसाला देतात. ताई, राहू द्या सगळं. खोका नको, वीट नको, काही नको. मी जातो.

जोडणीवाली : काका, स्टूल आहे मागे, जपून. डावीकडे.

(ड्रायव्हर हाताने स्टूल चाचपतो आणि त्यावरच बसतो. टेबलावरचा बिनआवाजाचा पंखा फिरत असतो.)

ड्रायव्हर : तिला लागलं नाही ना?

कंडक्टर : नाही.

ड्रायव्हर : खरं सांग. छत्री सांगू नकोस.

कंडक्टर : शपथ. खरचटलंसुद्धा नाही. चेनचं काळं ग्रीस माझ्या शर्टाला लागलं, ते निघालं नाही. एवढंच.

ड्रायव्हर : रडत होती?

कंडक्टर : नाही. मला म्हणाली, काका, तुमच्या ड्रायव्हरला दिसत नाही का?

ड्रायव्हर : आणि तू काय म्हणालास?

कंडक्टर : मी म्हटलं, फार चांगला ड्रायव्हर आहे बाळ. चुकून झालं.

ड्रायव्हर : त्या पोरीला एका मिनिटात कळलं. आणि मी डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणून वर्षभर थेंब घालत होतो. माहीत होतं मला, मास्तर. डावीकडचं अर्धं जग गेलंय हे माहीत होतं. पण स्टिअरिंग सोडवेना रे. काय उरतं मग माझ्याकडे? लोकांचे डबे?

कंडक्टर : मला काय मजा येतेय का? नवीन ड्रायव्हर दिलाय, कानात गाण्याची बोंडं घालून बसतो. घंटी ऐकतो कशी देव जाणे. दिवसभरात एकदाही भांडत नाही. घरी जाऊन मी बायकोशी भांडतो.

ड्रायव्हर : कानात बोंडं? बस चालवताना?

कंडक्टर : एका कानात.

ड्रायव्हर : माणूस आहे का कोण आहे? साहेबांना सांगितलंस का?

कंडक्टर : नाही. परत साहेबांकडे जायची हिंमत नाही झाली.

ड्रायव्हर : उद्या सांग. ... ताई, ती वीट कुठे ठेवली?

जोडणीवाली : इथेच आहे. मला वाटलंच होतं, आत नेली नाही.

ड्रायव्हर : तीन स्क्रीन चालवेल का ती?

जोडणीवाली : आरामात. पण काका, खरं सांगू? मघाशी मला माहीत नव्हतं. डावा नको असेल तर नका घेऊ. मी दोन नीट मांडून देते, नाकासमोर फट येणार नाही अशी. उगाच माझा माल खपवायचा म्हणून नाही.

ड्रायव्हर : डाव्याचा मला काही उपयोग नाही. माझ्या लेखी तिकडे भिंतच आहे, ते खोटं नव्हतं. पण तीनच लावा. आणि एक खुर्ची.

जोडणीवाली : गेमिंगची आहे ना, मानेला उशी, हाताला—

ड्रायव्हर : माझ्यासाठी नाही, याच्यासाठी. साधी द्या. याला बसायची सवय नाही, जन्मभर दांडीला लटकलाय.

कंडक्टर : मला कशाला खुर्ची?

ड्रायव्हर : डावा स्क्रीन तुझ्याकडून आहे ना? मग तो तू बघायचा.

कंडक्टर : मी काही रोज येणार नाही.

ड्रायव्हर : रोज कोण बोलावतंय? साप्ताहिक सुट्टीला ये. आणि येताना माझा रुमाल आण.

कंडक्टर : तो फाटला.

ड्रायव्हर : ताई, त्या गेममध्ये घंटी असते का?

जोडणीवाली : नसली तरी करता येते. एखादं बटण वेगळं काढून देते, दाबलं की वाजेल. खुर्चीच्या हातावर बसवू?

ड्रायव्हर : बसवा. याच्या हाताशी.

जोडणीवाली : आवाज केवढा ठेवू?

ड्रायव्हर : मोठा. त्या जुन्या पंख्यावरून ऐकू आला पाहिजे. मास्तर, एक वाजवलीस की मी थांबणार. का म्हणून विचारणार नाही.