लोखंड टाका

हॅलो?

…हॅलो, दादा? अविनाशदादा?

हाव, मीच. प्रेरणा. सकाळपासून अकरा खेपा लावला तुले… मीटिंगमंधी होता. बरं. आता चहाची सुट्टी हाये ना? मंग तेवढ्यात आयक.

नाही, जोरात नाही बोलू शकत. दाराले पाठ लावून बसली मी… पंचायतीत. भोंग्याच्या खोलीत. कडी घातली, टेबल आडवा लावला. बाहेर गाव हाये.

गाव म्हणजे गाव, दादा. आपलंच. दीड-दोनशे माणूस असन.

कुऱ्हाडी, ईळे, सबली. ज्याच्या हाती जे आलं ते.

…थांब.

…दगड होता. खिडकीतून आला. नाही, दगड नाही लागला, काच लागली. तळहात फाटला जरासा. ते राहू दे, तू आयक.

काऊन म्हणजे? तुले कोणीच नाही सांगतलं? …समीक्षावैनी गेली. काल. गोविंदाभाऊची बायको, हाव, तीच… ईज पडली अंगावर. वावरात. सोयाबीन सोंगत होत्या सात-आठ जणी.

…नाही. नाही वाजला ईजेचा भोंगा.

कसा वाजन? सोमवारी बंद केला ना तुमी.

हे पाह्य, 'आमी नाही, त्याईनं केला' हे मले नको सांगू. बाहेर देशातल्या संस्थेनं बंद केला, मालूम हाये. पण काऊन केला? तू सही अडवली म्हून… आकडे आपल्याच देशात राह्यले पाह्यजे म्हून. हाव. पटते मले. आभाळ आपलं, ईज आपली, आकडे काऊन त्याईचे? पटते, दादा. पण सही अडवताना हे नव्हतं का मालूम, का गच्चीवरचं यंत्र नुसतं पाह्यते, हिशेब सारा तिकडं होते, अन् तिकडून हुकूम आला तरच भोंगा वाजते? त्याईनं तिकडं एक बटन दाबलं. मंग इथी काय उरलं? कावळे बसाले खांब.

…अन् तोही आता नाही उरला. घंटाभर झाला, तोडून आडवा केला; भोंगा तेवढा गच्चीवर राह्यला.

रुखमाकाकू? बरी हाये. तुही आई कालपासून समीक्षावैनीच्याच घरी बसून हाये, तिची पोरगी मांडीवर घेऊन. तिले मालूम नाही अजून.

काय म्हणजे? तुह्या मेसेजचं. वाचून दाखवू? 'सेवा तात्पुरती स्थगित. वाटाघाटी नाजूक टप्प्यावर आहेत. गावात वाच्यता करू नये.'

…वाच्यता करू नये. नाही केली मी. भोंग्याची खोली माह्याकडं, म्हून मंगळवारी जनकाबाईनं मलेच विचारलं, प्रेरणा, भोंगा बरा हाये ना वं? मी मान हलवली. दादानं सांगतलं म्हून मी मान हलवली.

नाही, रडून नाही राह्यली. रडाले वेळ कुठी हाये.

तुले कालचं सांगते. आयकून घे. आभाळ काळं झालं. जनकाबाई म्हणे, चाल वं पोरी घरी. समीक्षावैनी म्हणे, भोंगा कुठी वाजला अजून? एवढी ओळ काढू अन् जाऊ… बाकीच्या निघाल्या. ती राह्यली. अर्धी ओळ काढली तिनं.

हाव, तीच. जूनमंधी तू सराव घ्याले आला होता, साऱ्या बाया तोंडाले पदर लावून हसत होत्या, ती नव्हती हसली. तिनं पाढा पाठ करावा तसं पाठ केलं. भोंगा वाजला का हातातलं लोखंड टाका. झाड सोडा. पडलेल्याले उचला. पक्क्या घरात या. दर शनिवारी बायाईकून म्हणून घे, लेकराईकून म्हणून घे. म्हातारे चिडत होते तिच्यावर… भोंग्यावर तिच्याएवढा भरोसा गावात कोणाचा नव्हता, दादा. तोच नडला तिले.

…शेखर? शेखर बाहेर हाये. तो डोणगावचा, यंत्र दुरुस्तीवाला… सकाळी गच्चीवर चढला होता तारा पाहाले. गोविंदाभाऊच्या भावकीनं पाय धरून खाली ओढला.

मारून राह्यले ना. आताही. तुले तो धप्‌ धप्‌ आवाज येते ना? ते दार नाही. …चिंचेखाली. कुऱ्हाडीच्या दांड्यानं. मघा ओरडत होता, आता नुसता कण्हते. चोर सोडून संन्याशाले फाशी, दुसरं काय. सोमवारीच म्हणे मले, गावाले सांगून टाकू बाई. मीच त्याले गप्प केलं.

केला ना फोन ठाण्यात. गाडी निघाली म्हणतात अमडापूरहून. नाल्याच्या फरशीवरून पाणी चाललं, अर्धा-पाऊण तास लागन.

…आता दार हाये. आता जो आवाज आला तो दाराचा. सबल घातली फटीत.

काय म्हणते? …गोविंदाभाऊचा आवाज हाये तो. म्हणते, प्रेरणे, भाईर ये, नाही तर खोलीसकट पेटवतो. …पेटवन ना, काऊन नाही पेटवणार? शेखरची गाडी पेटवलीच. डिझेलचा वास येऊन राह्यला इथपर्यंत.

दादा, ते सारं सोड. मी फोन याच्यासाठी नव्हता लावला. हे आयक… थांब, जवळ धरते. …आलं का आयकू?

खरखर. हाव. आबाचा रेडिओ. उकंडआबा कालच इथी विसरून गेले. स्टेशन नसते अशा जागी काटा लावला मी… तूच तर दाखवलं होतं सातवीत, खामगावच्या प्रदर्शनात. दूर कुठी ईज चमकली का रेडिओ खरखरते. स्टीलचा डबा भेटला होता तुले बक्षीस. काकू अजून त्याच्यात मेथ्या ठेवते. …तू विसरला असशीन. मी नाही विसरली.

सकाळी पाच-सात मिनटानं एक येत होती. आता मोज… ही एक. …ही दोन. …तीन. पाह्यलं? दम नाही घेऊन राह्यली.

अमडापूरच्या अंगानं. खिडकीतून दिसते, काळंकुट्ट हाये. कोणाचं ध्यान नाही तिकडं. सारे दाराकडं पाह्यतात. सारे चिंचेखाली, दादा. अन् दीडशे हातात लोखंड.

म्हून विचारते. भोंग्याच्या या पेटीचा नंबर सांग. तो दाबला का हातानं भोंगा वाजते, असं तूच सांगतलं होतं.

…तिकडंच हाये म्हणजे? तुह्यापाशी नाही? …कोणापाशीच नाही? अख्ख्या दिल्लीत?

मंग आठ महिने तू काय लिहून राह्यला? ते दोनशे पानं… हाव, राष्ट्रीय धोरण. आपल्या पायावर उभं राह्याचं. कोणासंगं किती भागीदारी कराची, कुठी अडाचं. दादा, एका भोंग्याची किल्ली नाही रे आपल्यापाशी.

मी पेटी फोडते.

…दिसते मले सील. त्याईच्याच संस्थेचं हाये, निळं. …चाळीस गावची यंत्रं वापस नेतीन? नेऊ दे. …करार मोडला म्हणतीन? म्हणू दे. …परवा सही होणार? तर परवा होऊ दे ना. हे आभाळ परवापर्यंत थांबते का, विचार त्याले.

नाही. नाही, दादा. सोमवारी आयकलं तुह्यं. आज नाही. उंटावरून शेळ्या लय हाकल्या तू.

…फोन खांद्यात धरला. बोलत राह्य, नाही तर नको बोलू… पाना कुठी… हा. …हात घसरून राह्यला, रगत हाये. …थांब… थांब…

…तुटलं. सील तुटलं, दादा. जिथी लिहाचं तिथी लिहून घे.

काळी तार… लाल… दोनच तर तारा जातात वरती. भोंगा खामगावच्या बाजारातला, बॅटरी आपली, गच्ची आपली, मरणारेही आपलेच. हुकूम तेवढा तिकडचा. तो मधातून काढून टाकते… थेट बॅटरीले…

ठिणगी होती. काही नाही. …लागली.

…

…आयकू येते का? …दादा? आयकू येते का तुले? …तू बोलू नको, भोंग्यापुढं मले काहीच आयकू नाही येत. …दार हादरणं थांबलं. …थांब, खिडकीतून पाह्यते.

…

…दादा. टाकून राह्यले.

लोखंड टाकून राह्यले. …एकानं ईळा टाकला. …कुऱ्हाड टाकली, त्याच्या बाजूच्यानं. …सबल टाकली, इथी दाराशीच. कोणी सांगतलं नाही रे त्याईले, आपसूक हात उघडून राह्यले. …चिंच सोडली. पळून राह्यले. …अन् शेखर… शेखरले उचलला. ज्याईनं मारला त्याईनंच, दोघाईनं. एकानं काखेत धरला, एकानं पाय. …पडलेल्याले उचला. जसं तिनं पाठ करून घेतलं, तसंच.

इकडंच येऊन राह्यले. …तार सोडवली, भोंगा थांबला, बोल आता. …पक्कं घर कुठलं म्हणजे? हेच. चौकात हे एकच हाये.

…काय, उघडू नको? मारतीन मले? मारतीन तर मारतीन. टेबल सरकवते…

या. …या, आत या. भिंतीले नका टेकू, मधात बसा. लेकराईले आंधी येऊ द्या. …शेखरले इथी झोपवा, डोकं उचलून धरा. जनकाबाई, पदर दाबा तिथी, कानामागं. जोरात दाबा. …हाव दादा, हाये मी लाइनवर. …नाही. कोणी हात नाही लावला मले. बसले सारे खाली. माह्याकडं कोणी पाहत नाही, एवढंच.

गोविंदाभाऊ कुठी हाये? …कोणी पाह्यलं का गोविंदाभाऊले?

…बाहेर हाये. चिंचेखाली, एकटा. कुऱ्हाड हातातच हाये. त्यानं नाही टाकली.

गोविंदाभाऊ, टाका ते. …भाऊ, टाका. या इकडं.

…नाही आयकत, दादा. भोंग्याकडं पाहून राह्यला वरती. …म्हणते, काल काऊन नाही वाजला. …तेवढंच म्हणते. परत तेच. काल काऊन नाही वाजला.

मी सांगते त्याले.

…काय सांगू म्हणजे? जे हाये ते. …नको म्हणू, दादा. आता तू नको नको म्हणू.

…भाऊ, काल भोंगा बंद होता. सोमवारपासून बंद होता. मले मालूम होतं. मी कोणाले सांगतलं नाही. …हाव. मालूम असून नाही सांगतलं. समीक्षावैनी माह्या भरोशावर थांबली वावरात. …आत या अन् जे कराचं ते मले इथी करा. छपराखाली करा. कुऱ्हाड तिथीच राहू द्या. तुमच्या पोरीले एकच जण उरलं आता, भाऊ.

…

…टाकली.

टाकली, दादा. येऊन राह्यला. …पळत नाही, चालत येऊन राह्यला. भाऊ, लवकर… या… पाय उचला…

…

…

हॅलो? …हॅलो… हाव, हाये मी. कानात नुसतं शीऽऽ वाजून राह्यलं, जोरात बोल.

चिंचेवर पडली. उभी फाटली चिंच, बुडापर्यंत. धूर निघून राह्यला. कुऱ्हाडी साऱ्या तिथीच पडल्या हायेत.

…कोणीच नाही. कोणाले काही नाही झालं. सारे आत होते. गोविंदाभाऊ उंबऱ्यावर आला अन् पडली. पालथा पडला, मंग उठून बसला. …शेखर? श्वास चालू हाये. हात मोडला त्याचा, दोन जागी. ज्यानं मोडला तोच पाणी पाजून राह्यला.

गोविंदाभाऊ माह्यापुढं बसला हाये. …नाही, मारत नाही. माह्या हातातल्या फोनकडं पाह्यते नुसता. …विचारते, कोण हाये.

सांगू?

…दादा, सांगू का?

…भाऊ, अविनाशदादा हाये. दिल्लीहून. बंद झाल्याचं मले त्यानंच कळवलं होतं. गावात सांगू नको, हेही त्यानंच सांगतलं.

…त्यानं हात पुढं केला, दादा. फोन मागते.

…काऊन भेतं? हजार कोस दूर बसला तू. तुले काय करणार हाये तो? त्याच्या हातात काहीच नाही आता, लोखंडही नाही. नुसतं आयकून घे. …तू काही बोलू नको, त्याचं तेवढं आयकून घे…

…सुट्टी संपली? …आत बोलावून राह्यले? एक मिनिट थांबतीन ना ते. एक मिनिट, दादा, तुह्याच गावचा माणूस हाये… हे घ्या भाऊ, धरा, बोला…

…काय? द्या इकडं. हॅलो? …दादा? …हॅलो?

…नाही, भाऊ. ईजेनं नाही तुटला. त्यानं ठेवला.