लंबूचा शेरा

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय, पण तुम्ही आमच्या घरी येत नाही म्हणून सांगते... माझी ताई मोठ्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टर आहे, आणि तिच्या पर्समध्ये राजीनामा आहे. आईला माहीत नाही. आईला वाटतं ताईला अशक्तपणा आहे, म्हणून रोज गाजर किसते.

तर इस्पितळाने सगळ्या शिकाऊ डॉक्टरांचं मनोबल वाढवायला दोन दिवसांचं शिबिर काढलं, तेही त्यांच्याच सुट्टीतून कापून. ताई म्हणाली, ‘बरं.’ घरचं एक माणूस चालेल म्हणे, तर आईने मला धाडलं, ‘जेवते का तेवढं बघ.’

शिबिरवाल्या बाई मधाळ आवाजात, ‘डोळे मिटा... आता तुम्ही एक ढग आहात...’ मिटले, आणि पहिल्या रांगेतले चार ढग घोरायला लागले. बाईंनी टाळ्या वाजवून उठवलं. ताई म्हणाली, ‘बरं.’

मग बाई म्हणाल्या, स्वतःला पत्र लिहा आणि शेजाऱ्याला वाचायला द्या. मी मागून डोकावले, तर काय लिहावं ताईने? ‘स्त्री, वय सत्तावीस. झोप तीन तास. जेवण अर्धं. रडू येत नाही. राजीनामा तयार, दिलेला नाही.’ अहो, हे पत्र की केसपेपर? शेजारी बसला होता तिच्याच वॉर्डातला उंच शिकाऊ डॉक्टर, सगळे त्याला लंबू म्हणतात. त्याने वाचलं, जांभई दिली, खिशातलं पेन काढलं आणि खाली शेरा मारला: ‘आधी आठ तास झोप. नंतर मी निवांत बसून पुन्हा तपासेन. तोवर राजीनामा देऊ नये.’ वर वेळ टाकून सही. हाताची सवयच ती. आणि सही दिसल्यावर ताईची काय बिशाद? म्हणाली, ‘बरं’, आणि खोलीत जाऊन झोपली, ती थेट दुसऱ्या दिवशी बस निघेपर्यंत. बाईंनी हजेरीपटावर लिहिलं, ‘सहभाग नाही.’

याला दोन महिने झाले. तपासणी काही होत नाही, कारण दोघांच्या ड्युटीच्या पाळ्या उलट्या, तो आला की ही निघते. तपासल्याशिवाय ताई राजीनामा देत नाही, आणि सुट्टीशिवाय लंबूला निवांत बसता येत नाही. शेवटी आज मिळाली त्याला सुट्टी, कशी म्हणाल, तर त्याची पाळी दुसऱ्या कुणीतरी घेतली म्हणून, आणि घेतली कुणी, तर आमच्या...

‘अगं, माझा पांढरा कोट दे लवकर, लंबूची पाळी सुरू होईल.’