काय हरवलं?

हाडांच्या दवाखान्यात एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन एक ड्रायव्हर मस्त पेंगत होता. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या मैत्रिणी येऊन टेकल्या आणि त्याच्या झोपेचं खोबरं झालं.

"गुडघे बदलायचं ठरलं का गं?"

"ठरलं. पण मग जमिनीवर टेकता येणार नाहीत म्हणे."

"चर्चमध्ये तरी आता कोण टेकतंय? गुबगुबीत खुर्च्या आल्या. पुढे ड्रम काय, पडदा काय!"

"आणि हातात कॉफीचे पेले. प्रार्थनेला आलो की सिनेमाला, तेच कळत नाही."

"पाळकांना बोलायचंस की."

"बोलले ना. म्हणाले, मावशी, तरुण मंडळी यायला हवीत."

"मग, आली?"

"कपाळ माझं! माझाच मुलगा पलंगावर लोळत मोबाइलवर उपासना बघतो. कंटाळा आला की मॅच लावतो."

"आणि घरची संध्याकाळची प्रार्थना? तुझे मालक होते तेव्हा झाडून सगळं घर गुडघ्यांवर असायचं."

"ते गेले, त्यांच्यामागे तीही गेली. मी एकटीच टेकते. परवा पलंगापाशी टेकले होते, तर नात धावत आली. म्हणते, आजी, काय हरवलं?"

"अगं बाई! काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मी तोंड उघडायच्या आत पोर बिचारी बॅटरी घेऊन आली, पलंगाखाली शोधत बसली."

"मग?"

"मग काय, आता रोज विचारते. आजी, सापडलं का गं?"