आवाज करणारी डिस्क

पण जी वस्तू आवाजच करत नाही, ती चालू आहे की बंद हे कळायचं कसं? — नाही, तेवढं सांगा ना. हा प्रश्न मी आजवर ज्याला ज्याला विचारला त्याने विषय बदलला, आणि आता तुम्हीही चष्मा पुसायला घेतलात. दिवा लागतो? अहो, दिवा बघायला समोर बसावं लागतं. स्वयंपाकघरातून दिवा दिसतो का? भिंतीपलीकडून दिसतो? ठेवा ती एसएसडी का काय ती पट्टी परत डबीत. वेगवान असेल, मी कुठे नाही म्हणतोय — च्युइंगमएवढी वस्तू, आणि तुम्ही म्हणता सगळं हिच्यात मावतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत कॉम्प्युटर सुरू होतो — होत असेल. पण मुकी आहे हो ती. मला बोलकी पाहिजे. आत चकती फिरणारी, जुन्या पद्धतीची, कटकट करणारी हार्ड डिस्क. असं बघू नका माझ्याकडे. गिऱ्हाईक चोखंदळ असतं, काय करणार.

आणि काका म्हटलं की तोंड वाकडं करू नका हं, कालपासून बघतोय. केस रंगवलेत तेवढं कळतं मला. बाकीचे सगळे तुम्हाला दादा म्हणतात, म्हणू देत — मी नाही म्हणणार. राग नाही, तुमच्यावर तर अजिबात नाही. तो शब्द जरा — ते जाऊ द्या. काका बरं आहे. काका, कार्डाचं बोलू आधी.

हो, ते बसलं नाही. हसा, हसून घ्या. काल तुम्ही म्हणालात, बाबा रे, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड लांब असतं, आधी घरी जाऊन कॅबिनेटचं माप घे — म्हणालात, मी ऐकलं, आणि तरी घेऊन गेलो. मला तेच पाहिजे होतं. दोन पंख्यांचं नको, तीनचंच. आता बघा, मी फाटकं बनवतो. ग्रिल, फाटक, जिन्याचे कठडे. माप घेतल्याशिवाय मी सळईला हात लावत नाही. पण कॉम्प्युटरचं माप घ्यायचं असतं हे डोक्यातच आलं नाही — मला वाटलं, एवढी महागामोलाची वस्तू, ती आपली आपण बसत असेल. घरी जाऊन लावतो तर पुढे तो डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा, आणि कार्डाचं नाक नेमकं त्याला अडतंय. ढकललं. तिरकं केलं. शेवटी कॅबिनेट उचललं, वर्कशॉपवर नेलं आणि ग्राइंडर लावून पिंजरा कापला.

अहो, ओरडू नका. बोर्ड आधी बाहेर काढला होता, एवढाही येडा नाही मी. म्हणजे — मालकांनी हातातून ग्राइंडर ओढून घेतला, चार शिव्या घातल्या, मग काढला. पण काढला ना? कीस झटकला, कडा कानशीने घासल्या, बोट फिरवून बघा, कुठे लागतंय का. तुमच्या कंपनीवाल्यांच्या कडेपेक्षा गुळगुळीत आहे. काय? स्क्रू होते? पिंजऱ्याला? म्हणजे नुसते चार स्क्रू काढले असते तर आख्खा पिंजरा बाहेर — बरं. बरं. हे मालकांना कळता कामा नये. तुम्ही त्यांना ओळखत नाही ना? बरं झालं.

दादाला मात्र हे भयंकर आवडलं असतं. हसून हसून खाली बसला असता. तो मला धसमुसळ्याच म्हणायचा. घरात काही फुटलं की बघायच्या आधीच, आतल्या खोलीतून — धसमुसळ्या, काय होतं ते? मी म्हणायचो, काही नाही. तो म्हणायचा, आता काही नाही, पण आधी काय होतं?

त्याचंच आहे हे कॅबिनेट. एकेक वस्तू जमवत होता तो. आधी हा डबा आणला, काचेच्या बाजूचा, मग बोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय — स्वतः बसवलं सगळं. वायरी बघा कशा बांधल्यात, माझ्या आईची वेणी इतकी सरळ नसते. डिस्क आणि कार्ड तेवढं राहिलं. त्याला तीन पंख्यांचंच पाहिजे होतं, फोटो दाखवायचा मला, पोरगी पसंत केल्यासारखा. त्याचं काम तसलं होतं ना — लोकांचं घर बांधायच्या आधीच त्यांना त्यात फिरवून आणायचा. पडद्यावर. दार उघडायचं, खिडकीतून ऊन यायचं, जिन्याने वर जायचं. फक्त जुन्या मशीनवर जिना यायला इतका वेळ लागायचा की बघणारा म्हणायचा, राहू दे, आम्ही खालीच राहतो.

आता काय काम आहे ह्याच्यावर? काम म्हणजे — मला नाही येत काही. मी शाळेत फार दिवस टिकलो नाही, अक्षर जोडून जोडून वाचतो. गेम? नाही हो. काम काय तर — चालू राहायचं. एवढंच काम. पुरत नाही का तेवढं?

हं, तेच सांगतोय. नवी डिस्क तुम्ही देत नाही ना, बोलकी? म्हणून ही आणलीय. जुन्या मशीनमधली. धरा. हो, मोजा आहे, पायमोजा, त्यात काय, बबल-रॅप कुठे असतं आमच्याकडे. मऊ असतो मोजा. वास? येत असेल. आई धुवायला मागत होती, मी दिला नाही. — बाहेर काढा तिला, मोजा इकडे द्या. इकडे द्या म्हटलं. हां.

तर हिला बसवायचीय. पिंजरा नाही, मान्य, मी कापला, पण पट्टी वाकवून खालच्या पत्र्यावर नवी बैठक करीन, ते माझ्यावर सोडा. तुमची मुकी पट्टीही लावू आपण, चालेल, तिच्यावर कॉम्प्युटर सुरू होऊ दे लवकर. तुमचाही मान राहील. पण ही पण पाहिजे. आणि ते रबर नको. ते काळं वायसर — नको, काढा. रबराने आवाज मरतो. लोखंडाला लोखंड लागू दे, आख्खा डबा घुमला पाहिजे.

अहो, माझी खाट भिंतीच्या ह्या बाजूला आणि त्याचं टेबल त्या बाजूला. हिची कटकट ऐकतच झोपायचो मी. शिव्या देत. आईसुद्धा — बंद कर रे ती कटकट, डोकं उठलं. पण भांडी घासताना मधेच थांबायची, कान द्यायची. कटकट चालू, म्हणजे पोरगं कामात आहे, अजून वाढायला नको. थांबली, की ताट घ्यायची. विचारायला आत जावंच लागायचं नाही. आणि अजून थांबते हो. काल बघितलं मी, ताटली हातात, नळ वाहतोय, आणि ती तशीच उभी, कान देऊन. मग नळ बंद केला तिने, म्हणजे नीट ऐकू यावं म्हणून. मी ओरडलो तिच्यावर. कशाला ओरडलो कुणास ठाऊक. आणि तसाच उठून तुमच्याकडे आलो, कार्ड घेतलं, माप न घेता.

चिकटली असेल? म्हणजे काय चिकटली? बंद पडून राहिली की आतल्या आत — आणि मग फिरतच नाही? हे आधी नाही सांगायचं? थांबा. थांबा, वायर लावू नका. हात मागे घ्या, काका. एक मिनिट.

मी बंद केलीय हिला. दवाखान्यात तो — तिथे खाटेशेजारी मशीन होतं, त्याचा आवाज त्यांनी बंद ठेवलेला. मी डॉक्टरांना विचारलं, आवाज नाही, मग चालू आहे हे कळायचं कसं? ते पडदा सारखा करून गेले. आणि दादा म्हणाला, हळूच, घरी जिना तयार होत असेल बघ, झाला की मशीन नीट बंद कर. प्लग ओढू नकोस, धसमुसळ्या. मी नेहमी प्लगच ओढायचो हो, पंखा असो नाहीतर इस्त्री. त्या दुपारी नाही ओढला. टेबलाशी बसलो, त्याच्या खुर्चीवर. जिना झाला होता, पूर्ण, वरपर्यंत. पडद्यावर चौकोन आला, अक्षर जोडून वाचलं — जपून ठेवायचं का? हो दाबलं. मग बंद करायचं कुठे असतं ते शोधत बसलो, कुणाला विचारलं नाही, सापडलं. दाबलं. ही आधी जोरात कटकटली, मग हळू, मग नुसती घरघर, मग तीही नाही. डब्यावर हात ठेवून बसलो, पार गार होईपर्यंत. घाई केली नाही. त्याला जाऊन सांगणार होतो, नीट बंद केली म्हणून.

लावा आता वायर. आणि तो वरचा पंखा बंद करा, ऐकू येत नाही. — बोलू नका काही.